मोटारीचे कान: धार ते देवास

यमूच्या सासूबाईंचा निरोप आला होता: मोटार हिसके न देता चालत असेल तर सुनेला बाळंतपणाला धारला पाठवीन, बैलगाडीतून नाही. यमू माझी धाकटी बहीण. तिचं पहिलं बाळंतपण देवासलाच झालं होतं आणि मूल राहिलं नव्हतं. या खेपेला लेक आपल्याजवळ असावी, एवढंच आईचं म्हणणं होतं. म्हणून आम्ही निघालो.

मोटार एका सरदारांची. माझा थोरला भाऊ नाना त्यांच्या पागेवर कामाला. सरदार पुण्याला गेले की गाडी चालती ठेवण्याचं काम त्याच्याकडे असे. या वेळी ती देवासला नेण्याची परवानगी त्याने मागून घेतली. गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांपाशी एकेक सांधा आहे. त्यात लोखंडी गोळी लोखंडी वाटीत फिरते. आत धूळ गेली की सांधा ओरडतो आणि चाक हिसके देतं. वंगण घालायचं तर सांधा पुरता उघडावा लागे. इंदुरात नानाने एक नवी मोटार पाहिली होती. तिच्या सांध्यांवर वंगण भरलेल्या छोट्या डब्या होत्या. डबीचं झाकण पिळलं की वंगण आत उतरे. तशा दोन त्याला हव्या होत्या. धारचे लोहार बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवतात. इतके बारीक आटे त्यांना जमेनात. शेवटी तो सोनाराकडे गेला.

"या नाना," सोनार म्हणाला. "मोटारीचे कान टोचायचे म्हणता?"

"टोचा. रडली तर गप्प मात्र तुम्ही करायची."

त्याने सांध्यांना भोकं पाडून पितळी डब्या बसवल्या आणि वंगण भरून झाकणं स्वतःच लावून दिली. कुडीच्या फिरकीला असतात तसे आटे. काम देखणं होतं.

धार ते इंदूर रस्ता पक्का आहे, पण खडी वर आली आहे. घाटाबिल्लोदला चंबळ लागते. हिवाळ्यात पाण्याचा त्रास नाही. जेवायला बेटम्याला थांबावं. बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवून देतात. दोन खाल्ले की झोप येते, तेव्हा चालवणाऱ्याने एकच खावा. नाक्यावर मोटारीचा दर कुणालाच ठाऊक नव्हता. नाकेदाराने गाडीभोवती फिरून घोडे शोधले आणि मग बग्गीचे पैसे घेतले. पेट्रोल फक्त इंदूरच्या छावणीत मिळतं. परतीचा डबाही तिथूनच घ्यावा.

प्रत्येक थांब्यावर नाना गाडीखाली सरके आणि दोन्ही झाकणं उजवीकडे एकेक फेरा पिळे. इंदूरपर्यंत गाडी बिनआवाज गेली. क्षिप्रेच्या अलीकडे डावं चाक चिमणीसारखं चिवचिवू लागलं. समोरचा गाडीवान बैल आवरून उभा राहिला.

"भिया, थारी गाड़ी तो चिड़कली सरीखी बोले! तेल पिलाओ इने."

"भोत पिलाया, भिया," नाना म्हणाला आणि खाली उतरून त्याने आणखी एक फेरा दिला.

देवासला यमू बोचकं बांधून दारात उभी होती. पण आधी मी बसून पाहीन, असं सासूबाई म्हणाल्या. नानाने त्यांना टेकडीच्या पायथ्याकडे नेलं. मी पुढे बसलो होतो. सरळ रस्त्यावर गाडी नीट गेली. वळणावर डावा सांधा किंचाळला, चाकाने हिसका दिला आणि त्यांचा हात दारावर आपटला.

"थांबवा."

डाव्या डबीचं झाकण वाटेत कुठे तरी पडून गेलं होतं. सांध्यात धूळ होती. उरलेल्या बुडावरच्या आट्यांवरून नानाने बोट फिरवलं. ते उलटे होते. सोनाराने कानांचा जोड केला होता: उजव्याला उजवी फिरकी, डाव्याला डावी. वंगण आत ढकलतोय असं समजून नाना वाटभर ते झाकण सैल करत आला होता.

त्याने हाताने वंगण भरलं, वर चिंधी आवळली आणि पुन्हा फेरी मारून दाखवली. आवाज गेला होता.

"आत्ता नाही येत. उद्या बेटम्याच्या रानात येणार नाही कशावरून?"

नाना चिंधीची गाठ पुन्हा आवळू लागला.

"मीही एक नातवंड घालवलंय, नाना. दुःख तुमच्याच घरचं नाही."

यमूने बोचकं उचललं. आत जाता जाता मला म्हणाली, "आईला सांग, मी नीट जेवते म्हणून."

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. सोनाराला चूक पटेना. "डावी कुडी उजव्या कानात घालता का? जोड म्हणजे समोरासमोर!" तरी त्याने दुसरी डबी करून दिली. या वाटेने जाणाऱ्यांनी झाकण पिळण्याआधी आटे कुठल्या बाजूचे ते पाहून घ्यावं. बाकी रस्ता चांगला आहे. माझ्यापाशी सासूबाईंचं ते दुःखाचं वाक्य तेवढं राहिलं. त्याचा राग करून पाहिला, जमला नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं.

"मोटार आता नीट आहे?"

"आहे," नाना म्हणाला.

"मग मला ने."

लेकीला जगतं मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणी घेत नाहीत, असा आमच्याकडे रिवाज आहे. नानाने तो तिला सांगितला, जणू तिला ठाऊकच नव्हता.

"देवासात राज्यं दोन," आई म्हणाली. "यमूचं घर थोरल्या पातीत. रस्ता ओलांडला की धाकटी पाती. तिथली विहीर काही तिच्या सासऱ्यांची नाही."

"आणि महिनाभर राहणार कुठे?"

"विहिरीच्याच बाजूला, धाकट्या पातीत," आई म्हणाली आणि तिने ट्रंक पुढे ओढली.