पंख्याच्या दोरीचं भोक

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे आणि तो लपवायची मला कधी गरज वाटली नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख मी दोनदा वाचते. रिक्षात बसले की रस्ता सोडून मीटरकडे बघते. शाळेत इतिहास शिकवला तोही याच स्वभावावर. 'कशावरून?' हा प्रश्न मी मुलींच्या इतका मानगुटीवर बसवला होता की पुढे नवऱ्याची ओळख करून देतानासुद्धा त्या माझ्यापुढे चाचरायच्या.

मी निवृत्त झाले तेव्हा पुण्यात जुने बंगले भराभर पडत होते आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती उठत होत्या. अशात एका कॉम्प्युटर कंपनीने कॅम्पातला एक दगडी बंगला विकत घेतला आणि तो पाडणार नाही, जपणार, असं जाहीर केलं. मला पहिला संशय तिथेच आला. पण बंगल्याच्या इतिहासाची पुस्तिका लिहाल का, असं त्यांनी विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं होतं.

बंगला साहेबाच्या काळातला. घोडागाडी उभी राहील एवढी पोर्च, उतरतं कौलारू छप्पर, मधोमध जेवणाचा मोठा हॉल. साहेब गेल्यावर तो एका व्यापाऱ्याकडे आला, मग वारसांच्या भांडणात कित्येक वर्षं बंद पडला. त्या सगळ्या काळात तिथे राहिलं ते एकच माणूस, मागच्या नोकरांच्या खोलीतल्या माळीणमावशी. नवरा तिथेच माळी होता, तो गेल्यावर बाग त्या बघायच्या.

कंपनीचा तरुण अधिकारी मला म्हणाला, "मॅडम, ही माळ्याची फॅमिली ओरिजिनल, साहेबाच्या काळापासूनची असेल तर त्यांना इथेच राहू देऊ. तोही हेरिटेजचाच पार्ट आहे ना! फक्त तुम्ही कन्फर्म करा."

म्हणजे मावशींची खोली माझ्या लेखणीवर आली. हे त्यांच्याही कानावर गेलं असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्यामागे सावलीसारख्या फिरू लागल्या आणि गोष्टी सांगू लागल्या. लाटसाहेब हितं जेवायला यायचा. ह्यो आंबा मडमेनं लावला. प्रत्येक गोष्टीनंतर मी एकच विचारायची, "कागद आहे का काही?"

"कागद कुठला बाई? आमी सांगतो त्योच."

आंब्याबद्दल मी एका जाणकाराला विचारलं. झाड मडमेच्या काळातलं नव्हतं, बरंच अलीकडचं निघालं. मला मनातून आनंद झाला, खोटं का सांगू. चोर सापडल्याचा आनंद.

मग एक दिवस मावशींनी मला मागच्या व्हरांड्यात नेलं आणि भिंतीवर तळवा ठेवला. "हितं भोक हाय. आत हालात कापडाचा लांब पंखा टांगल्याला असायचा. त्याची दोरी ह्या भोकातनं भाईर यायची आन माजं सासरं हितं बसून वढायचं. उजव्या अंगाला ऊन यायचं म्हनून डावीकडं सरकून बसायचं. दोरी तिरकी झाली की मडम वराडायची."

"तुम्ही पाहिलंत?"

"दोरी न्हाई. भोक बघितलंय, नवी नवरी व्हते तवा. मागनं बुजवलं."

मी किल्लीने भिंत ठोकून पाहिली. सगळीकडे सारखाच भरीव आवाज. कपाटातले जुने नकाशे काढले, त्यात भोक नव्हतं. आणि ते उन्हाचं, डावीकडे सरकण्याचं वर्णन मला जास्तच सजवलेलं वाटलं. खोटं बोलणारा माणूसच असे बारकावे पेरतो, असं मी तेव्हा मानत होते. बाईला खोली हवी आहे, म्हणून बाई बोलते आहे. माझा हिशोब सरळ होता.

मी लिहिलं, 'माळी कुटुंबाच्या साहेबाच्या काळापासूनच्या सेवेबाबत कोणताही पुरावा आढळला नाही.' वाक्य मला आवडलं होतं. महिन्याभरात त्यांचा मुलगा टेम्पो घेऊन आला आणि मावशींना शहराबाहेर, मांजरी गावाला घेऊन गेला. मी त्या दिवशी मुद्दाम गेले नाही.

पावसाळ्यानंतर जुना गिलावा खरवडायचं काम निघालं. गवंड्याने मला हाक मारली. व्हरांड्याच्या भिंतीत, मावशींनी तळवा ठेवला होता तिथून वीतभर अंतरावर, चुन्याने गच्च बुजवलेली पितळी नळी होती. त्याने चुना टोकरून काढला. नळीची कड सगळीकडे गोल होती, फक्त डावीकडे दोरीने घासून खोल खाच पडली होती. मी तिथे बोट घातलं. बोट बरोबर बसलं आणि मला स्वतःची लाज वाटली. बाईला खोली हवी होती हेही खरं होतं, आणि ती सांगत होती तेही खरंच होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

अधिकाऱ्याला भोक फार आवडलं. त्याने तिथे छोटा दिवा लावायचं ठरवलं. मी खोलीचं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तिथे आता जनरेटर बसलाय."

रविवारी मी मांजरीला गेले. उसाच्या कडेला नव्या इमारती उठल्या होत्या, त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर मावशी. गॅलरीत तेलाच्या डब्यात मिरचीची रोपं होती. मी बसण्याआधीच सांगितलं, "मावशी, भोक सापडलं. डावीकडेच घासलंय."

"मंग? म्या काय येगळं सांगितलं व्हतं?" त्या म्हणाल्या. मग उठल्या, दोरीवरचं लुगडं ओढून घड्या घालू लागल्या. "परत कवा यायचं म्हनत्यात?"

मी काय सांगायला आले आहे असं त्यांना वाटलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मी जनरेटरचं सांगितलं. चूक माझी होती, आता पुस्तिकेत ते वाक्य मी बदलणार आहे, तुमच्या सासऱ्यांचं लिहिणार आहे, असं मी कसंबसं म्हटलं.

मावशींनी हातातली घडी खाली ठेवली. मी त्यांच्याकडे जशी बघायची, अगदी तशाच त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"कागद हाय का तसा?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडे कागद नव्हता.