थाळीचं पोट

शनिवारी सकाळी बदलापूरहून स्कूटर काढली ती उल्हासनगरला जायला. तुम्ही म्हणाल, हा काय प्रवास झाला? पण रविवारी दहा वाजता बाबांचा लेथ न्यायला माणूस येणार होता. माझ्या हातात एकच दिवस होता.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथ चालवणारे टर्नर होते. रिटायर झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये शोभेच्या लाकडी थाळ्या कातायचे. गेल्या वर्षी हात थरथरायला लागला. बारावी थाळी, फणसाच्या लाकडाची, कपाटात पालथी टाकून म्हणाले, "बास. लेथ विकून टाका." मला वाटलं, ती थाळी ऐटीत स्टँडवर उभी दिसली तर मन बदलेल. वेडी आशा, दुसरं काय!

थाळी सोबत नेली असती तर त्यांना कळलं असतं. म्हणून ते अंघोळीला गेल्यावर ती कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, काठाची जाडी मोजली आणि पळाले.

अंबरनाथच्या वखारीत सागाचे तुकडे दीडशेला मिळाले. तुम्हीही तुकडेच मागा, फळी मागितलीत तर खिसा फाटेल. पुढे उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास गेला. दाल-पकवान उभ्याउभ्याच कोंबलं, चवही कळली नाही. तुम्ही मात्र निवांत बसून खा.

तिथले सुतार लछमनभाई फोटोच्या चौकटी आणि देव्हारे बनवतात. त्यांनी माझा कागद उलटसुलट पाहिला.

"थाली किधर है?"

"घरी. माप आहे ना सगळं."

"बेटी, कागज को पेट नहीं होता. थाली ला, फिर बनाएंगे."

"टाइम नाही हो काका! करून टाका ना, प्लीज."

मागे टेकायला पट्टी, पुढे खाच पाडलेल्या दोन खुंट्या. दोन तासांत स्टँड झाला. तीनशे घेतले आणि बजावलं, "गिरा तो मेरे को बोलने का नहीं."

परतताना जांभूळच्या फाट्यापाशी थांबून मी पिशवीतला स्टँड दोनदा काढून पाहिला. घरी पोचल्यावर तो टीव्हीशेजारी ठेवला, थाळी चढवली, बाबांना हाक मारली. थाळीचा मागचा फुगवटा पट्टीला अडला आणि ती पुढे झुकली. कशीबशी छातीशी धरली.

बाबा दारात उभे होते. "टर्नरच्या घरात वाढलीस आणि काठ मोजलास, पोट नाही मोजलंस? कमाल आहे!"

मला रडूच आलं. ते मात्र स्टँड उलटा करून बघत होते. "खुंट्या आखूड आहेत. बोटभर पुढे हव्यात."

रविवारी सकाळी त्यांनी लेथवरचं कापड काढलं. थरथरता हात पाठीमागे धरून म्हणाले, "तू धर. आधी हत्यार टेकूवर ठेव, मग लाकडाला लाव. आणि घड्याळ बघू नकोस." सुरुवातीला मी बघतच होते. तीन खुंट्या वाया घालवल्या, शिव्या खाल्ल्या. मग दोन जमल्या.

थाळी आता टीव्हीशेजारी उभी आहे. खुंट्या वेड्यावाकड्या आहेत, पण त्या माझ्या आहेत. एवढ्या धावपळीत मी निवांत होते ती लेथपाशी, तेवढाच वेळ.

त्या रविवारी दहाला बेल वाजली. माणूस टेम्पो घेऊन आला होता.

"आज नाही जमणार," बाबा म्हणाले. "मशीनवर काम चालू आहे."

"मग कधी येऊ?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "अजून अकरा थाळ्या बिनस्टँडच्या आहेत कपाटात."