पहिलं बोलावणं

इचोड्याच्या शाळेत मी लागले तेव्हा तिथं एक ज्यू बाई गणित शिकवायच्या. मूळच्या कोकणातल्या, घरात बोलणं मराठीच. मी जवळच्याच तलमडुगू गावची, त्यांच्याहून लहान, म्हणून त्यांना ताई म्हणायची. त्यांचा पहिला संसार मोडला होता, घटस्फोट झाला होता. पुढं पुण्यातल्या एका ज्यू गृहस्थांशी त्यांनी कोर्टात लग्न केलं आणि सुट्टीत मलाही पुण्याला नेलं.

शनिवारी सकाळी आम्ही सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनाघरात गेलो. बायका वरच्या सज्जात, पुरुष खाली. तोरा या त्यांच्या धर्मग्रंथाची गुंडाळी बाहेर काढली, तशा ताई माझ्या कानाशी लागल्या. "आता वाचनासाठी एकेकाला पुकारतील. पहिला मान कोहेनचा, म्हणजे जुन्या याजकांच्या वंशातल्या माणसाचा. इथं आमचे हे एकटेच कोहेन."

"वंशावरून?" मी दचकलेच. जन्मावरून कोण पुढं, कोण मागं, हे आमच्या बौद्ध घराला नवीन नव्हतं. पण ते इथंही भेटेल असं वाटलं नव्हतं.

"त्यात कोहेननं घटस्फोटित बाईशी लग्न करायचं नसतं. केलं तर मान जातो. इथं माझं कोणाला माहीत नाही. हे म्हणाले, गप्प राहू, मी नेहमीसारखा जाईन."

शाळेचं वेळापत्रक सांगावं तसं त्या सांगत होत्या.

तेवढ्यात खाली ताईंचे यजमान उठले. वाचनाच्या चौथऱ्याकडं न जाता दाराकडं वळले आणि सरळ बाहेर गेले. आत कुजबुज झाली. कोहेनच नाही म्हटल्यावर दुसऱ्याच एका म्हाताऱ्या गृहस्थांना पुकारलं. ताई जिना उतरून धावल्या, मी मागोमाग.

ते अंगणात उभे होते.

"हे काय केलंत तुम्ही?"

"चौथऱ्यावर गेलो असतो तर तू माझी बायको नाहीस, असं चारचौघांत सांगितल्यासारखं झालं असतं. तिकडं पाऊलच उचलेना."

"आता सगळ्यांना कळेल!"

"कळू दे."

ताई पायरीवर मटकन बसल्या.

गावी येऊन आईला सांगितलं. ज्वारी निवडता निवडता तिचा हात थांबला. "लगन बाईचं मोडलं, अन् मान या मानसाचा गेला? काऊन?"

मी तिच्यासमोर बसून ज्वारी निवडू लागले.

वर्षभरात ताईंचे यजमान पुणं सोडून इचोड्याला आले आणि हायवेला मोटारदुरुस्तीचं दुकान टाकलं. तोरापुढं त्यांना पहिलं बोलावणं पुन्हा कधी आलं नाही. शनिवारी दुकान बंद ठेवून दोघं घरीच प्रार्थना म्हणत.