खुर्चीवरची पगडी

मी एकदा एका पगडीला मत दिलं. रिकाम्या पगडीला. तिच्यात डोकं नव्हतं आणि माझ्या खांद्यावर होतं असंही म्हणवत नाही.

सन तीसनंतरची गोष्ट. नाशकात गरीब मुलींसाठी एक मोफत वसतिगृह होतं. त्याच्या समितीत मी एकटी बाई. वय चोवीस, चष्मा नवा, अक्कल यायची होती. अध्यक्षांना गाव ‘तत्त्वाचे दादासाहेब’ म्हणे, कारण ते स्वतःच तसं सांगत फिरत. संस्थेचं पाणीसुद्धा पीत नसत. घरून तांब्या आणत. “सार्वजनिक कामात आपलं-परकं उंबऱ्याबाहेर ठेवावं,” हे त्यांचं पालुपद.

घरच्या माणसाचा विषय निघाला की ते उठून व्हरांड्यात जात. पगडी मात्र खुर्चीवर ठेवून जात, तोंड आमच्याकडे करून. तिच्यादेखत कोण विरोध करणार? मग दूध त्यांच्याच म्हशींचं ठरे, कौलं त्यांचाच जावई बसवी आणि पावसाळाभर मुली अंथरुणं सरकवत बसत. मला मात्र त्यांच्या त्यागानं भरून यायचं. एकदा तर मी त्या पगडीवरची माशी हाकलली होती!

एका जूनमध्ये वसतिगृहात एकच जागा उरली. अर्ज दोन. हरसूलकडची चिमी चौथी पहिल्या नंबरानं पास झालेली. पुढची शाळा गावात नाही. दुसरी दादासाहेबांची पुतणी. घर हाकेच्या अंतरावर, माडीवर झोपाळा.

“घरी पाहुण्यांची वर्दळ, अभ्यास होत नाही हो तिचा,” एवढं पुटपुटून दादासाहेब बाहेर गेले.

पुतणीसाठी पहिला हात वर गेला तो माझा. पाठोपाठ सगळ्यांचे. आत येऊन दादासाहेब म्हणाले, “अरेरे, माझ्या भिडेनं तर नाही ना?”

मी शहाणी म्हणाले, “छे! तुम्ही तर इथं नव्हतातच.”

पुढे ते वारले. शोकसभेत खुर्चीवर पगडीच मांडली होती आणि वसतिगृहाला त्यांचं नाव एकमतानं दिलं गेलं. निःस्वार्थीपणावर भाषणं झडत होती. मला मात्र दिसत होती त्या जूनमध्ये वसतिगृहाच्या पायरीवर बसलेली चिमीची आई. निकाल सांगायला त्या दिवशी मीच तिच्याकडे गेले होते. “अगं, दादासाहेबांचा यात काही हात नाही. ते तर बाहेर होते,” मी समजावलं.

तिनं चिमीचं गाठोडं पुन्हा डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, “व्हय बाई, त्ये भायेर व्हते, मी बी भायेरच व्हते. आत तं तुमीच व्हत्या.”