वहिनींची खोली

माझ्या तोंडून "हो" फार लवकर निघतं आणि डोकं त्याहून लवकर तापतं. नागावात आमची सहा खोल्यांची राहण्या-जेवणाची सोय आहे, समुद्रापासून पाच मिनिटांवर, नारळाच्या वाडीत. जाहिरातीत मी "शांत, निवांत" असं लिहिते. मला एकदा पाहिलेल्या माणसाने ते वाचलं तर हसून हसून त्याची पुरेवाट होईल. कानाला फोन, काखेत चादरी आणि तोंडाने टँकरवाल्याचा उद्धार, असा माझा दिवस. आमचे हे म्हणतात, "तू झोपेतसुद्धा खोल्यांच्या चाव्या वाटतेस." त्यांना काय जातंय म्हणायला! सकाळी बाजारहाट करायचा आणि मग वाडीला पाणी सोडून माडांकडे बघत बसायचं.

स्वयंपाकघर मात्र माझ्या मोठ्या जावेचं. ह्यांचं ऐकून ऐकून मीही त्यांना वहिनीच म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मला धड भातही लावता येत नव्हता. त्यांनी शिकवलं, आणि सासूबाईंना पत्ता लागू दिला नाही. मोठे दीर तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून वाडीकडची खोली वहिनींची एकटीची. आत एक पलंग, भिंतीवर दिरांचा फोटो, कोनाड्यात देव. पाहुणे आमच्याकडे समुद्रासाठी येतात आणि परत येतात ते वहिनींच्या वालाच्या बिरड्यासाठी, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण बिरड्याचं सोडा. या घरात मनातलं बोलायला मला तेवढं एकच माणूस आहे.

आणि त्यांनाच मी वर्षअखेरीच्या गर्दीत त्यांच्या खोलीबाहेर काढलं.

म्हणजे झालं असं. सीझनला अख्ख्या नागावात एकच चाल आहे, पाहुणे पलंगावर आणि घरची माणसं पडवीत. आपली निजायची खोलीही देऊन टाकायची आणि चार दिवस सतरंजीवर काढायचे. त्यालाही एक रीत आहे, द्यायची ती आपली खोली, दुसऱ्याची नाही. त्या दिवशी सिलिंडरवाला दारात उभा, गरम पाणी येत नाही म्हणून एक बाई माझ्या डोक्यावर बसलेली, आणि फोनवर जुने पाहुणे. "अजून एक खोली होईल का? ती वाडीकडची?" मी म्हटलं, "हो, हो, या ना!" फोन ठेवला आणि मग उजेड पडला, वाडीकडे खोली एकच. पण ते निघालेसुद्धा होते. मी चादर बदलली, दिरांचा फोटो काढून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवला आणि जाता जाता ओरडले, "वहिनी, दोन दिवस ॲडजस्ट करा हां!" त्या भाकऱ्या थापतच राहिल्या. मला वाटलं, चला, मिटलं.

पाहुणे गेले. वहिनींनी फोटो पुसून परत भिंतीवर लावला आणि म्हणाल्या, "शिमगा झाला की मी पनवेलला जाते लेकीकडं. ऱ्हायलाच. कधीची बोलावते हाय ती."

माझं तर धाबंच दणाणलं. माफी मागितली, तर म्हणाल्या, "राग न्हाय गो." राग असता तर परवडलं असतं, भांडून मोकळं तरी होता आलं असतं. अलिबागला जाऊन त्यांच्यासाठी सुती साडी आणली. हात फिरवून म्हणाल्या, "छान हाय. पनवेलला नेसेन." घ्या! ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "आधी तू तुझं डोकं ताळ्यावर आण. त्या डोक्यापायीच हे झालं." नेमकं खरं बोलतात आणि नको तेव्हा बोलतात.

मग मी मन शांत करायच्या मागे लागले. पुण्याच्या एक पाहुण्या बाई रोज सकाळी वाळूत ध्यानाला बसायच्या, त्यांनी मला शेजारी बसवलं. "श्वास मोजा. विचार आले तर येऊ द्या," म्हणाल्या. चौथ्या श्वासाला सिलिंडर आठवला, सातव्याला लाँड्रीतल्या बारा चादरी. येऊ द्या म्हणे! ते आले, राहिले आणि जेवायलाही बसले. नंतर मोबाइलवर एक ॲप घेतलं. त्यात मध्येच घंटा वाजायची. पहिल्याच घंटेला मी "आले, आले!" करत फाटकापर्यंत धावले.

वहिनींनी ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या. "अगो बाई, तुझं डोकं म्हणजे एसटी स्टँड हाय. इकडं ये. बस. वाल सोल."

मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायची. हलक्या हाताने दाबलं की डाळ सुळकन बाहेर येते, जोर केला की मोडते. पहिल्या दिवशी मी अर्धी परात मोडली. "ऱ्हाऊ दे, आज आमटीत घालू," वहिनी म्हणाल्या. फोन वाजला की मी उठायला बघायची, पण हात ओले आणि बुळबुळीत, फोन धरणार कशाने? वाजून वाजून तो गप्प व्हायचा. पहिले काही दिवस माझा जीव नुसता खालीवर झाला. मग एकदा ध्यानात आलं की अर्धा तास झाला आणि मी कुणाचाही उद्धार केलेला नाही. डोकं रिकामं नव्हतं हो झालं! चादरी होत्याच, टँकर होताच, पण सगळे आपापल्या जागी रांगेत उभे होते. न उचललेले फोनही तासाभराने केले तरी चालत होते. एवढं सोपं असेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. रोज दुपारी आम्ही दोघी परातीला बसायचो. वहिनी दिरांच्या गमती सांगायच्या, मी पाहुण्यांच्या नकला करायची. पनवेलचा विषय मात्र दोघीही टाळायचो. होळी चार दिवसांवर आली, त्यानंतरच्या रविवारी जावई गाडी घेऊन येणार होते, आणि मला राहवेना. म्हटलं, "वहिनी, एका खोलीसाठी एवढी शिक्षा?"

त्या हातातला दाणा सोलेपर्यंत थांबल्या. "खोलीचं काय घेऊन बसलीस! मी वरीसभर पडवीत झोपेन. त्या सांजेला मी वळकटी घेऊन पडवीत बसलेवते. तू फोनवर बोलत माझ्या पुढ्यातनं गेलीस. परत आलीस. मी हाक मारली, पांघरूण कुठंय म्हणून. तिसऱ्यांदा आलीस तवा म्हणालीस, 'प्लीज, जरा वाट सोडता का?' मला प्लीज म्हणालीस गो. पाहुण्यांना म्हणतेस तसं. मला वाटलं, या घरात मी आता दिसत न्हाय. लेकीकडं निदान दिसेन."

मला यातलं काही आठवत नव्हतं. आठवत असतं तर काहीतरी सबब तरी सांगितली असती. तीन वेळा मी त्यांच्या अंगावरून गेले होते आणि माझ्या डोळ्यांनी त्यांना पाहिलंच नव्हतं. मी परातीवरच भोकाड पसरलं, पन्नाशीच्या बाईने पसरू नये तसं.

"आता रडतेस कशाला?" वहिनी म्हणाल्या. "दोन महिने झाले, दिसते की मी तुला. काल म्हणालीस न्हाय का, वहिनी, बांगड्या सैल झाल्या तुमच्या, जेवत नाही का? संक्रांतीला लेक येऊन गेली, तिच्या ध्यानात न्हाय आलं ते."

"मग राहा ना!"

"ऱ्हाईन. पण लेकीला मी काय तोंडानं सांगू? तिनं खोली रंगवून घेतली हाय. तूच सांग."

मी पदराला हात पुसले आणि पनवेलला फोन लावला. आई येत नाही म्हटल्यावर पुतणी रागावलीच. रागावणारच, तिचंही बरोबर होतं. "काकी, तुझा धंदा आहे, मला कळतं. पण स्वयंपाकाला तुला दुसरी बाई मिळेल."

"मिळेल गं," मी म्हटलं. "स्वयंपाकाला दहा मिळतील. मला वहिनी कुठून मिळणार?"

"बरं काकी, राहू दे आईला तिथेच," पलीकडून पुतणी हळूच म्हणाली. इकडे वहिनींनी पदराने आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.