वाढत्या अंगाच्या स्की

माझ्या मालकीच्या स्की शारजातल्या आमच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे उभ्या असतात आणि त्यांच्यावर बाबांचे मोजे वाळतात. बाहेर चव्वेचाळीस डिग्री असतं, त्यामुळे मोजे झटपट वाळतात. म्हणजे खरेदी अगदीच वाया गेली असं कुणाला म्हणता येणार नाही!

दोष माझ्या मानेचा. मी फारशी बोलत नाही. कुणी काही विचारलं की मान डोलावते. संभाषण लवकर संपतं. दुबईतल्या नव्या ऑफिसात मी आठ महिने निव्वळ मानेवर काढले होते. मग एका दुपारी आमचा टीम लीड रामी माझ्या डेस्कपाशी थांबला. रामी बैरुतचा. तो कुजबुजला तरी दोन मजल्यांना ऐकू जातं. (तो बोलतो इंग्रजीत. मी इथे मराठीत सांगते आहे, कारण इंग्रजीत हे सगळं अजूनच लाजिरवाणं वाटतं.)

"केतकी, तू स्की करतेस?"

मी मान डोलावली.

"रेग्युलर?"

सुरुवात तर झालीच होती. पुन्हा डोलावली.

"हबीबी, मग आठ महिने बोलली का नाहीस? शनिवारी आम्ही चौघं मॉलमधल्या बर्फाच्या उतारावर जातोय. तूही चल! फक्त भाड्याच्या स्की घेऊ नकोस, पत्र्याचे तुकडे असतात नुसते. तुझी स्वतःची जोडी असेलच?"

मानेने काय केलं ते तुम्हाला कळलंच असेल.

आता खरं सांगते. मला जायचं होतं. आठ महिन्यांत मला कुणी कुठे बोलावलं नव्हतं. डबा मी स्क्रीनकडे बघत एकटी खायची, आणि ते चौघं समोरच्या टेबलावर हसत असायचे. मला त्या टेबलावर बसायचं होतं. फक्त, शनिवारी माझ्याकडे कुणी बघू नये, एवढीच अट होती. बेत साधा होता: स्की विकत घ्यायच्या, व्हिडिओ बघायचे, उतारावर एका कडेला उभं राहायचं आणि गुडघा दुखतोय म्हणायचं.

बेतात एकच चूक झाली. मी घरी सांगितलं.

"आपण बघून घेऊ," बाबा म्हणाले. आमच्या घरात 'आपण' म्हणजे खरोखरच सगळे. बाबांनी तीस वर्षं बांधकामाच्या सामानाच्या कंपनीत काढली आहेत. त्यांच्या मते जगातली कुठलीही वस्तू हाताने ठोकून बघितली की कळते. दुकानात शिरल्याशिरल्या त्यांनी एक स्की ठोकली.

"इसमें लकडी है?"

"जी, अंदर लकडी ही है," दुकानातले इरफानभाई म्हणाले. लाहोरचे, फार सभ्य माणूस. "बेटी सिर्फ मॉल में करेगी, या जॉर्जिया-वॉर्जिया भी जाएगी?"

"सब जगह," मी तोंड उघडायच्या आत बाबांनी सांगितलं. "एक ही जोडी. ऑल पर्पज!"

इरफानभाईंनी समजावलं की स्की मधोमध निमुळती असते. ती जागा अरुंद असेल तर कडक, दाबलेल्या बर्फावर झटकन वळते; रुंद असेल तर भुसभुशीत खोल बर्फावर तरंगते. रोजच्या वापराला मधली बरी, थोडी अरुंदाकडे झुकणारी. मला पटलं. मी हळूच अशाच एका साध्या करड्या जोडीकडे हात नेला.

"और रेती पे?" बाबांनी विचारलं.

"रेती पे?"

"हां. इधर बर्फ एक मॉल में है. रेती सब जगह है."

(ह्यात खोट काढायला मला आजवर जमलेलं नाही.)

"रेती पे नीचे से घिस जाएगी, भाईसाहब."

"फिर ऑल पर्पज कैसे हुआ?"

इरफानभाईंनी पाणी मागवलं. मग त्यांनी माझ्याकडे एकदाच नीट पाहिलं आणि माझ्या हनुवटीपर्यंत येणारी जोडी काढली. नवशिक्यांना तेवढीच देतात, हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. माणसाने मला ओळखलं होतं! मी कृतज्ञतेने मान डोलावणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "इससे बडी दिखाओ. वाढत्या अंगाची."

"बाबा, मी सव्वीस वर्षांची आहे."

"मग?"

"आता मी वाढले तर आडवीच वाढणार."

"वस्तू मोठी असलेली चांगली. लहान करता येते, मोठी करता येत नाही."

"स्की लहान करता येत नाही, बाबा! ती पँट नाही!"

"आणि उद्या ह्यांना वापरावीशी वाटली तर?" आई मध्ये पडली. दिरहमचे रुपये करताना तिचे ओठ हलत होते, आणि उत्तर आल्यावर ते हलायचे थांबले. "एवढं मोल देऊन एकटीपुरती वस्तू कुणी घेतं का? घरात तीन माणसं आहेत."

इरफानभाई निमूटपणे आत गेले आणि एक अशी जोडी घेऊन आले जिच्यावर बूट अडकवायची पकड मागेपुढे सरकते, म्हणजे कुणाचाही बूट बसतो. आईने तिथल्या तिथे एक बूट चढवून पाहिला. तो काढायला दोन माणसं लागली. शेवटी आम्ही स्की घेतल्या त्या बाबांच्या उंचीच्या, आईच्या आवडीच्या मोरपंखी रंगाच्या आणि माझ्या कार्डावर.

शारजाच्या रस्त्याला नेहमीसारखी गाड्यांची रांग होती. स्की आमच्या गाडीत पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत आडव्या पसरल्या होत्या, आणि त्यांच्यावरून आई विचार करत बघत होती. आई विचार करते तेव्हा आम्ही घाबरतो.

"चाकं नसली तरी हे वाहनच की," ती म्हणाली. "पूजा केल्याशिवाय पाय ठेवायचा नाही."

घरी पोचताच बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून आणलेलं खास कुंकू निघालं. ते झडू नये म्हणून आईने खोबरेल तेलात चांगलं दाट कालवलं. दोन्ही स्कींवर पाच-पाच बोटं ओढली, फुलं वाहिली, नारळ फोडला. इथवर ठीक होतं.

"खाली पण लाव," बाबा म्हणाले. "गाडीच्या चाकांना लावतो ना आपण? चालणारा भाग तोच."

आईला हे फार पटलं. तिने स्की उलट्या केल्या आणि तळ टोकापासून टोकापर्यंत माखला.

"आता लिंबू."

"आई, नको."

"नवं वाहन लिंबावरून जातं. चढ त्याच्यावर."

म्हणून मी आमच्या हॉलमध्ये, फरशीवर, बूट कसून स्कींवर उभी राहिले. दोन्ही स्कींच्या पुढे एकेक लिंबू. एसी लावलेला, शेजारी इस्त्रीचे कपडे, आणि माझ्या पायांत गुलमर्ग.

"हं, चालव!"

"कशी?"

"थांब," म्हणून बाबांनी बंद पडलेली गाडी ढकलावी तसं मला मागून ढकललं.

लिंबू फुटतं अशी सर्वांची समजूत होती. लिंबू घरंगळतं! वर तेल माखलेली स्की, खाली गुळगुळीत फरशी, आणि मध्ये लिंबू. मी सोफा ओलांडला, चपलांचं रॅक ओलांडलं, पूजेसाठी उघडा ठेवलेला दरवाजा ओलांडला आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये थेट लिफ्टपुढे जाऊन थांबले. लिफ्ट उघडली. आत चौथ्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाई होत्या. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींशी फक्त गुड मॉर्निंग केलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, मागे फरशीवर उमटलेल्या दोन लाल पट्ट्यांकडे पाहिलं आणि लिफ्टचं बटण दाबून दार पुन्हा बंद करून घेतलं.

"फुटलं नाही," मागून बाबा म्हणाले.

"चेपलंय. चालतं," आई म्हणाली.

शनिवारी निघताना मी वरचं कुंकू गुपचूप पुसलं. तळ राहू दिला. तळ कोण बघणार? (हे वाक्य मी आता फ्रेम करून लावणार आहे.) आईबाबा "फक्त सोडायला" आले. ह्याचा अर्थ, ते काचेपलीकडच्या कॉफीच्या दुकानात पहिल्या रांगेत बसले. आतल्या उतारावरची माणसं त्या काचेतून मत्स्यालयातल्या माशांसारखी दिसतात.

मोठ्या उतारावर जायला वळता आणि थांबता आलं पाहिजे, असा तिथे नियम होता. मला कुणीतरी अडवावं म्हणून मी मनोमन प्रार्थना केली. दारावरच्या माणसाने माझ्यापेक्षा वीतभर उंच, स्वतःच्या मालकीच्या, मोरपंखी स्की पाहिल्या आणि आदराने बाजूला झाला! तारेवरून वर जाणाऱ्या पाळण्यात बसून मी वर पोचले. उतरताना रामीचं जॅकेट धरलं म्हणून उतरले.

"यल्ला!" रामी ओरडला आणि चौघंही सुसाट खाली गेले.

मी ठरल्याप्रमाणे कडेला उभी राहिले. पण तेल! स्की आपोआप निघाल्या. वेग फार नव्हता, एक लहान मुलगी तर मला चालत ओलांडून गेली. पण मी तिरकी तिरकी निघाले ती थांबेना. वळायला गेले तर वाढत्या अंगाची टोकं एकमेकांवर चढली आणि मी बसकण मारली. गुडघा दुखतोय म्हणायला ही उत्तम वेळ होती.

खालून रामीचा आवाज आला. "केतकी! हलू नकोस! अजिबात हलू नकोस!"

मी मागे पाहिलं. पाळण्यापासून माझ्यापर्यंत पांढऱ्याशुभ्र बर्फावर दोन जाड, ओल्या, लालभडक रेघा आल्या होत्या. आणि मी बसले होते तिथे स्की खाली एकमेकींत अडकून भलामोठा लाल डाग पसरला होता. ती लहान मुलगी किंचाळली. पाळणे थांबले. शिट्ट्या वाजल्या. सुरक्षेचं काम बघणारी एक फिलिपिनो बाई स्की करत माझ्यापाशी आली. तिच्यामागून दोघं जण माणसाला आडवं नेण्याची घसरगाडी ओढत आले.

"मॅम, कुठे लागलंय?"

"कुठेच नाही."

"पेशंट शॉकमध्ये आहे," ती वॉकीटॉकीत म्हणाली.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: हे कुंकू आहे, माझ्या आईने माझ्या स्कींची वाहनपूजा केली आहे. मी ते वाक्य मनात नीट जुळवलंसुद्धा. मग सभोवार जमलेली माणसं पाहिली. मग उरलेला उतार पाहिला. तो बराच उरला होता. मग घसरगाडी पाहिली. तिच्यात गादी होती. ब्लँकेट होतं.

मी डोळे मिटून घेतले.

काय सांगू, इतका सुंदर प्रवास मी आयुष्यात केलेला नाही! बर्फ सरसर मागे जात होता, वारा कानाला लागत होता आणि आपण पडू अशी भीती नव्हती, कारण पट्ट्यांनी बांधलं होतं. पण काचेपलीकडून आईने पाहिलं ते वेगळं होतं. तिची मुलगी लाल रेघांमधून स्ट्रेचरवर, डोळे मिटून येत होती.

मी खाली पोचले तेव्हा आई पंजाबी ड्रेसवर कुणाचं तरी निळं जॅकेट उलटं घालून, चपला बर्फात रुतवत धावत येत होती. "केतू! केतू!" मग तिला रेघांचा रंग दिसला. तो तिने स्वतः कालवलेला होता. ती जागच्या जागी थांबली.

"ब्लड नहीं है!" ती हात वर करून सगळ्या उताराला उद्देशून ओरडली. "कुंकू है! पूजा का!"

फिलिपिनो बाईने बोट लावलं. वास घेतला. "कोकोनट?"

"तरी मी म्हणत होतो, तेल जास्त झालंय," मागून आलेले बाबा म्हणाले.

पुरावा म्हणून आईने पर्समधून करंडा काढला आणि फोडलेल्या नारळाची वाटीही. ऑफिसचे चौघं माझ्याभोवती उभे होते. मी अजून बांधलेलीच होते. रामीने स्की उलटी केली, तळ पाहिला, आईकडे पाहिलं आणि मग तो असा हसला की वरून बर्फ पडतो की काय असं वाटलं. "म्हणजे तुला स्की येतच नाही?" त्याने विचारलं.

मी पहिल्यांदाच मान आडवी हलवली.

मग ते चौघं हसले. मीही हसले. (बांधलेल्या अवस्थेत माणूस पोटभर हसू शकत नाही, हेही तेव्हा कळलं.) पाच मिनिटांनी आम्ही सगळे कॉफीच्या दुकानात एकाच टेबलावर नारळ खात होतो आणि रामी स्वतःच्या स्की आईपुढे धरून बसला होता. "आंटी, माझ्याही."

"वरच्या बाजूलाच लावते हं," आई म्हणाली.

पुढच्या महिन्यात ऑफिसात प्रथमोपचाराचं ट्रेनिंग होतं. जखमी माणूस म्हणून कोण झोपेल, असं ट्रेनरने विचारलं आणि अख्खं ऑफिस एकमुखाने ओरडलं, "केतकी!" मी स्ट्रेचरवर आडवी झाले, डोळे मिटले, हातपाय सैल सोडले. इतका उत्तम पेशंट आजवर पाहिला नाही, असं ट्रेनर म्हणाला. तेव्हापासून हे काम कायमचं माझ्याकडे आहे. बाकी कशात असो नसो, निपचित पडून राहण्यात मात्र माझा हात कुणी धरू शकत नाही.