नंजप्पांना आणायला गेले ते

हसायचं तेवढं आधीच हसून घ्या बाई, मधे हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळुरात मारतहळ्ळीला एक मोठी इमारत उठत होती. बीदरकडचे मराठी मजूर तिथेच पत्र्याच्या खोपट्यांत राहायचे आणि मुकादम गेटला चक्क कुलूप लावायचा. पोर तापानं फणफणलं तरी बाहेर सोडायचा नाही! म्हणून आमचं महिला मंडळ, जवळच्या चर्चचे फादर आणि होसकोट्याची बांधकाम कामगारांची युनियन, असे तिघे एकत्र आलो. रविवारी दुपारी चर्चच्या अंगणात सभा ठेवली. मुकादम तेव्हा नवी माणसं उतरवून घ्यायला के. आर. पुरम स्टेशनवर जाणार होता. तेवढ्यात मजूर मागच्या भिंतीवरून उड्या मारून येणार.

युनियनचे अध्यक्ष नंजप्पा. आमची ओळख फक्त फोनवरची. ते बसनं त्याच स्टेशनाबाहेर उतरणार होते, आणि त्यांना आणायला कोण? मी! मुकादमही तिथेच असणार, हे डोक्यात यायला नको? आणि त्याला तर मी कधी पाहिलंही नव्हतं.

एक पांढऱ्या शर्टातले मिशीवाले गृहस्थ कुणाची तरी वाट पाहत उभे होते. मी कन्नडमध्ये विचारलं, "नंजप्पा अण्णा?"

"हौदु." म्हणजे हो.

"चला चला, माणसं केव्हाची येऊन थांबलीत!"

"आली पण?" असं म्हणत तो माझ्या स्कूटरवर मागे बसला.

आता या बेंगळुरात नंजप्पा काय एकच असतो?

अंगणात शिरलो आणि सगळं चिडीचूप. दोघं बाकाखाली घुसले. मला वाटलं, केवढा हा आदर! तोही आपली माणसं कुलपाबाहेर बघून थिजलेला. तेवढ्यात मी त्याच्या गळ्यात हार घातला.

"गंगूबाई, लाजू नका, बोला!"

गंगूबाई मजूर बायकांतली सगळ्यांत थोराड. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, "गेटचं कुलूप काडा."

मी त्याच्याकडे वळले. "ऐकलंत ना? मग गप्प का? सगळ्यांसमोर सांगा, कुलूप निघणार की नाही?"

फादर टाळ्या वाजवू लागले. सगळ्यांनी वाजवल्या. हारातून आवाज आला, "सरी, सरी." बरं, बरं!

एवढ्यात रिक्षातून घामाघूम झालेला माणूस उतरला. "मी नंजप्पा. स्टेशनवर कुणी आलंच नाही..."

म्हणजे मी हार घातला तो मुकादम, त्याचंही नाव नंजप्पाच! पण खऱ्या नंजप्पांनी गोष्ट लगेच ताडली. फादरांना घेऊन ते मुकादमाबरोबरच साइटवर गेले आणि कुलूप काढवूनच परतले. शब्द चारचौघांत दिलेला, तो फिरवणार कसा?

मग काय, जो तो माझं कौतुक करायला लागला. मीही मान डोलवत होते. गंगूबाईला म्हटलं, "पण खरं धाडस तुमचं हो! त्याच्या तोंडावर बोललात."

"न्हाई ओ अक्का," ती म्हणाली, "नवऱ्याला असं खडसावनारी बाई कदी बगितलीच नव्हती, म्हनून आमाला धीर आला. त्याला स्कूटरवर मागं बसवून आनलंत, आमी समजलो, तुमी मुकादमाची बायको!"